भुकेची बातमी कोणाच्या पैशाने? वस्तीतील अन्नहक्काच्या पत्रकारितेचे अर्थकारण

रेशनचे दुकान महिन्यातून किती दिवस उघडे राहते, मशीनवर कोणाचा अंगठा उमटत नाही, गव्हाच्या पोत्यात किती माती निघते, अंगणवाडीतली खिचडी कोणत्या दिवशी शिजलीच नाही, हे सगळे वस्तीतल्या बायांना तोंडपाठ असते. वर्तमानपत्रात मात्र यातले फारसे काही येत नाही. सभा, सत्कार, उद्घाटने आणि शुभेच्छांच्या जाहिराती येतात. माहिती वस्तीत असते, पण ती लिहिणारा माणूस नसतो. लिहिणारा असला तर त्याच्या पोटापाण्याची सोय नसते.

या लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे पैशाची, मांडणी करत आहोत. अन्नहक्काची स्थानिक पत्रकारिता म्हणजे काय, तिला पैसा का मिळत नाही, आपल्या चळवळीचा इतिहास काय सांगतो, आज कोणते नमुने उभे आहेत, कायदा कुठे आडवा येतो आणि एका तालुक्यापुरते काम उभे करायचे तर हिशेब कसा मांडावा, हे तरुण कार्यकर्त्यांना एका जागी मिळावे हा हेतू आहे.

अन्नहक्काची पत्रकारिता म्हणजे काय

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ ने अन्न हा सरकारच्या मर्जीचा विषय ठेवला नाही, तो कायदेशीर हक्क केला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य हे कायद्याने ठरलेले आहे. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. याच कायद्याने सहा महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळेतून आहार देणे, गरोदर व स्तनदा मातांना आहार आणि मातृत्व लाभ देणे सरकारवर बंधनकारक केले.

हा हक्क कागदावरून ताटात येतो की नाही, हे नियमितपणे पाहून लिहिणे म्हणजे अन्नहक्काची पत्रकारिता. तिचे विषय साधे आहेत. महिन्याचे नियतन किती आले, दुकानदाराने उचल कधी केली, पावती मिळते का, माप बरोबर आहे का, यादीतून कोणाची नावे गळाली, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावात धान्य मिळाले का, शाळेत कोणाची मुले कुठे बसून जेवतात. यासाठी मोठा शोध लावावा लागत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. खर्च नेमका या पुन्हा पुन्हा जाण्याचा असतो.

बातमी नसली की काय होते

पहिले उदाहरण उत्पन्नाच्या मर्यादेचे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये अशी ठरवली गेली. शहरातली मर्यादा बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला ४,९१७ रुपये होतात. ग्रामीण भागात ३,६६७ रुपये. म्हणजे घरकाम करून महिन्याला पाच हजार रुपये मिळवणारी एकटी बाई शहरात या नियमाने "प्राधान्य" ठरत नाही. हा आकडा शासन निर्णयात कोणालाही वाचता येतो. तो कोणत्या वस्तीतल्या किती घरांना यादीबाहेर ठेवतो, हे मात्र घरोघरी फिरून कोणी लिहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरे उदाहरण लोकसंख्येचे. कायद्याखालील लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. लोकसंख्या वाढली, कोटा तिथेच राहिला. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० मध्ये हिशेब मांडून दाखवले की यामुळे देशभरात १० कोटींहून अधिक लोक रेशनच्या बाहेर राहिले. या १० कोटींतले आपल्या वस्तीतले कोण, हे दिल्लीतला अभ्यासक सांगू शकत नाही.

तिसरे उदाहरण गळालेल्या नावाचे. आधार जोडणी, ई-केवायसी, अंगठ्याचा ठसा यांतल्या कोणत्याही पायरीवर एखादे नाव गळते. माती, सिमेंट, भांडी यांनी झिजलेली बोटे मशीनला ओळखू येत नाहीत. एक नाव गळाले की त्या घरातले महिन्याचे ५ किलो, वर्षाचे ६० किलो धान्य जाते. शंभर घरांतून एकेक नाव गळाले तर वर्षाला ६० क्विंटल. एखाद्या गोदामातून ६० क्विंटल धान्य एका रात्रीत चोरीला गेले असते तर ती पहिल्या पानाची बातमी झाली असती. तेवढेच धान्य शंभर घरांतून पाच-पाच किलोने गेले की त्याला बातमी म्हणत नाहीत.

चौथे उदाहरण जातीचे. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीच्या आधारे २००५ मध्ये दाखवले की शाळेतला आहार आणि रेशन दुकान या दोन्ही ठिकाणी दलितांशी भेदभाव होतो. दुकान कोणत्या वस्तीत आहे, दुकानदार कोणत्या जातीचा आहे, स्वयंपाक कोण करते, यावर हक्क मिळणे अवलंबून राहते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी आणि मदतनीसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे असे स्पष्ट म्हटले. त्या आदेशाचे आपल्या तालुक्यातल्या शाळांत काय झाले, ही बातमी आजही लिहायची बाकी आहे.

दुष्काळाची बातमी होते, रोजच्या भुकेची होत नाही

वर्तमानपत्रे आणि भूक यांच्या नात्यावर सर्वांत जास्त चर्चिला गेलेला विचार अमर्त्य सेन यांचा आहे. लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी सहसा होत नाही, कारण बातमी सरकारला झोपू देत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हे उलट बाजूने दिसले. सरकार दुष्काळ हा शब्दही मान्य करत नव्हते. ऑगस्ट १९४३ मध्ये 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील उपासमारीची छायाचित्रे छापली, तेव्हा ती लपवणे अशक्य झाले. तोवर फार उशीर झाला होता. या दुष्काळातील बळींचा अंदाज ३० लाखांपर्यंत जातो.

सेन यांनीच याची दुसरी बाजूही सांगितली आहे आणि ती आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. भारतातली वृत्तपत्रे दुष्काळ रोखू शकली, पण रोजची, संथ, सवयीची भूक रोखू शकली नाहीत. प्रेत रस्त्यावर दिसते. कमी वजनाचे मूल घरात असते. अचानक घडलेली गोष्ट बातमी ठरते, रोज घडणारी ठरत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. आधार जोडणी नसल्याने कुटुंबाचे रेशन कार्ड रद्द झाले होते आणि मुलगी भुकेने गेली, असे कुटुंबाने सांगितले. सरकारने भूकबळी नाकारला. देशभर बातम्या झाल्या. कार्ड रद्द झाले त्या दिवसापासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे महिने मात्र बातमीविना गेले होते. स्थानिक पत्रकाराची गरज त्या मधल्या महिन्यांत असते.

पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

वर्तमानपत्राची विक्री-किंमत छपाईचा खर्चही भागवत नाही. उरलेला पैसा जाहिरातीतून येतो. जाहिरातदाराला खरेदी करणारा वाचक हवा असतो. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य पुरत नाही तो वाचक जाहिरातदाराच्या हिशेबात बसत नाही. म्हणून त्याच्या वस्तीसाठी वेगळा बातमीदार नेमला जात नाही. पुष्कळदा पूर्वग्रहही असतो, पण पूर्वग्रह नसता तरी हे गणित असेच सुटले असते.

तालुक्याच्या पातळीवर हे आणखी उघड दिसते. अनेक वार्ताहरांना पगार नसतो, थोडे मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन असते. जाहिरात देणारे कोण? स्थानिक पुढारी, कंत्राटदार, पतसंस्था, कारखाना. धान्य वाहतुकीचा ठेका किंवा शालेय आहाराचा पुरवठा याच वर्तुळात फिरतो. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची त्याच्या गोदामाची बातमी लिहायची, हे त्या वार्ताहराकडून अपेक्षित धरणे अन्यायाचे आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील "पेड न्यूज" पी. साईनाथ यांनी उघड केली. बातमी आणि जाहिरात यांची सरमिसळ किती खोल गेली आहे हे तेव्हा सर्वांना दिसले.

आपली माध्यमेही या गणिताबाहेर नाहीत. आंबेडकरी दैनिके, साप्ताहिके आणि चॅनेल्स यांचा बराच भार १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या अभिवादनाच्या जाहिरातींवर असतो. दोन दिवसांच्या जाहिरातींवर वर्षभराचा बातमीदार पोसता येत नाही. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही, आम्हीही याच अडचणीतून जातो. पण अडचण मान्य केल्याशिवाय तिच्यावर उपाय निघणार नाही.

'मूकनायक' ते 'प्रबुद्ध भारत': पैशाचा धडा

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली. पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बाबासाहेब उर्वरित शिक्षणासाठी लंडनला गेले आणि काही काळाने पत्र बंद पडले.

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. बाबासाहेब स्वतः संपादक होते. मदतीला पगारी माणसे ठेवण्याची ऐपत नसल्याने रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. वर्गणीदार वाढावेत म्हणून त्यांनी वाचकांपुढे पत्राची आर्थिक स्थिती उघडपणे मांडली. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्रही थांबले. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.

या इतिहासाकडे आपण अभिमानाने पाहतो, तसे हिशेबानेही पाहावे. त्यातून तीन गोष्टी निघतात. एका मोठ्या दात्याच्या मदतीने पत्र सुरू करता येते, पण चालत राहण्यासाठी वर्गणीदार लागतात. एकाच माणसाच्या कष्टावर उभे असलेले पत्र त्या माणसाच्या सवडीवर अवलंबून राहते, तो माणूस बाबासाहेबांच्या उंचीचा असला तरी. आणि वाचकांपुढे हिशेब मांडण्यात कमीपणा नाही, तो आपल्याच परंपरेचा भाग आहे.

आज उभे असलेले नमुने

'खबर लहरिया' हे पत्र २००२ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रकूट भागात, बुंदेली भाषेत सुरू झाले. लिहिणाऱ्या, छायाचित्रे काढणाऱ्या, पत्र विकणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांत दलित स्त्रिया पुढे होत्या. सुरुवातीला दिल्लीच्या 'निरंतर' या संस्थेने प्रशिक्षण आणि आधार दिला. २००४ मध्ये त्यांना चमेली देवी जैन पुरस्कार आणि २००९ मध्ये युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. नंतर त्या छपाईकडून मोबाईल व्हिडिओकडे वळल्या. शिकण्यासारखे हे की संस्थेचा आधार आधी प्रशिक्षणावर खर्च झाला. माणसे घडली म्हणून माध्यम बदलले तरी काम टिकले.

तेलंगणातील झहीराबाद भागात 'संगम रेडिओ' २००८ मध्ये सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील दलित स्त्रिया तो चालवतात. भरड धान्य, बियाणे, घरचा आहार हे त्यांचे रोजचे विषय. त्यांच्याच संघांनी पडीक जमिनीवर ज्वारी पिकवून गावातच पर्यायी रेशन चालवले. इथे अन्न पिकवणारी आणि अन्नावर बोलणारी माणसे एकच आहेत. एक मर्यादा लक्षात ठेवावी: सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या देण्याची परवानगी नाही. स्थानिक माहिती, हवामान, आरोग्य, शिक्षण असे विषय चालतात.

छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू केले. साध्या फोनवरून गोंडीसारख्या भाषेत तक्रार नोंदवायची, ती तपासली जाते आणि मग सर्वांना ऐकता येते. रेशन न मिळणे, मजुरी थकणे अशा तक्रारी त्यात येत राहिल्या. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला 'पारी' हा ग्रामीण पत्रकारितेचा संग्रह देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर चालतो, वाचायला मोफत आहे आणि मराठीतही आहे.

हे चारही नमुने एकसारखे नाहीत. पण जाहिरातदाराच्या गणिताबाहेर पैसा शोधल्याशिवाय यातला एकही उभा राहिला नसता.

पैशाचे मार्ग आणि त्यांच्या अटी

वाचकांची वर्गणी. सर्वांत सावकाश वाढणारा आणि सर्वांत भरवशाचा मार्ग. पन्नास रुपये देणारी तीनशे माणसे कोणतीही एक बातमी थांबवू शकत नाहीत. पंधरा हजार देणारा एक माणूस थांबवू शकतो.

मंडळे, विहारे आणि कर्मचारी संघटना. आपल्याकडे वर्गणी गोळा करण्याची यंत्रणा आहेच. जयंतीला ती दरवर्षी कामाला लागते. तिचा ठरावीक हिस्सा वर्षभराच्या कामाकडे वळवणे हा ठरावाचा प्रश्न आहे.

भारतीय निधी संस्था. बंगळूरची 'इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन' २०१५ पासून भारतीय दात्यांच्या पैशातून स्वतंत्र माध्यमांना मदत करत आली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे प्राप्तिकर खात्याची पाहणी झाली. अशा मदतीतून प्रशिक्षण, कॅमेरा, पहिल्या वर्षाचे मानधन होऊ शकते. रोजचा खर्च मात्र एकाच अनुदानावर ठेवू नये, ते थांबले की काम थांबते.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत भूक आणि कुपोषण निर्मूलन आहे, पत्रकारिता असा स्वतंत्र विषय नाही. म्हणून धान्यवाटपाला हा पैसा सहज मिळतो, धान्य का मिळाले नाही हे विचारायला मिळत नाही. आहाराचा ठेका ज्या कंपनीकडे किंवा तिच्या संस्थेकडे आहे तिचा पैसा तर घेऊच नये.

सरकारी जाहिराती. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवरील नियतकालिकांना त्या मिळतात. घ्याव्यात, पण एकूण उत्पन्नातला त्यांचा वाटा किती हे वाचकांना सांगावे.

परदेशी पैसा. इथे फार काळजी घ्यावी लागते. परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियम २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्रांचे मालक, संपादक, प्रकाशक, बातमीदार, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्-श्राव्य बातम्या तयार करणाऱ्या संस्था यांना परकीय अभिदाय घेण्यास मनाई आहे. परदेशात नोकरी करणारे आपले बांधव भारतीय नागरिक असतील तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, ओसीआय कार्ड असले तरी, धरली जाते. एखाद्या स्नेह्याने भावनेच्या भरात पाठवलेली रक्कम संपूर्ण काम अडचणीत आणू शकते. आधी पासपोर्ट कोणता आहे ते विचारा, मग खाते क्रमांक द्या.

एका तालुक्याचा हिशेब

पुढील आकडे आम्ही केवळ नमुन्यादाखल मांडत आहोत. आपल्या भागातील मजुरी आणि प्रवास पाहून ते बदलावेत.

दरमहा ५० रुपये देणारे ३०० वर्गणीदार म्हणजे महिन्याला १५,००० रुपये. त्यातून अर्धवेळ बातमीदाराचे मानधन ९,००० रुपये, प्रवास आणि फोन २,००० रुपये, माहिती अधिकाराचे अर्ज व झेरॉक्स ५०० रुपये, विहारात आणि समाजमंदिरात लावायच्या छापील भित्तीपत्रकाचा खर्च १,५०० रुपये आणि वकील किंवा अडीअडचणीसाठी राखीव २,००० रुपये. वर्षाला एकूण १,८०,००० रुपये.

छापील भित्तीपत्रक मुद्दाम ठेवले आहे. ज्या आजीचा अंगठा उमटत नाही तिच्या हातात बहुधा स्मार्टफोन नसतो. तिच्याविषयीची बातमी फक्त मोबाईलवर आली तर ती तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

आता मंडळांचा हिशेब. जयंतीला दोन लाख रुपये वर्गणी जमवणाऱ्या मंडळाने त्यातला विसावा भाग दिला तर १०,००० रुपये होतात. अशी दहा मंडळे एकत्र आली तर एक लाख, म्हणजे वरच्या खर्चाचे साडेसहा महिने. एकही मिरवणूक रद्द करावी लागत नाही. डीजेचा एखादा तास कमी झाला तर कोणाचे बिघडणार नाही.

विश्वासाचे नियम

लोकांचा पैसा घेतला की नियम कडक हवेत. आमच्या मते किमान पाच नियम लिहून, छापून लावावेत.

एक, दर तीन महिन्यांनी जमाखर्च प्रसिद्ध करावा आणि विहारातल्या बैठकीत वाचून दाखवावा. ठरावीक रकमेच्या वर देणगी देणाऱ्याचे नाव जाहीर करावे.

दोन, देणगीदाराला छापण्याआधी बातमी दाखवायची नाही. विषय सुचवण्याचा हक्क सर्वांना, थांबवण्याचा कोणालाही नाही.

तीन, आपला-परका भेद नको. दुकानदार, मुख्याध्यापक किंवा नगरसेवक आपल्या समाजाचा असला म्हणून माप कमी भरत नसेल असे नाही. तिथे मौन पाळले तर दुसऱ्या वेळी आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

चार, समोरच्याची बाजू घ्यावी. अनेक दुकाने महिला बचत गट चालवतात. वरूनच धान्य कमी येते, सर्व्हर बंद असतो, कमिशन थकलेले असते. गोदामापर्यंत न जाता दुकानदारावर थांबलेली बातमी अर्धी असते.

पाच, माणसाची प्रतिष्ठा. भुकेल्या मुलाचा चेहरा संमतीशिवाय छापायचा नाही. तक्रार करणाऱ्या बाईला त्याच दुकानात पुढच्या महिन्यात जायचे आहे, हे विसरू नये. गरज असेल तर नाव बदलावे आणि बदलल्याचे सांगावे.

सुरुवात कशी करावी

सुरुवातीला वेबसाईट नको, एक वही हवी. एका वस्तीतली पन्नास घरे घ्यावीत. प्रत्येक घरात किती माणसे, कार्डावर किती नावे, किती धान्य देय, किती मिळाले, पावती मिळाली का, हे तीन महिने लिहावे. सलग तीन महिन्यांची नोंद हाती असली की अधिकाऱ्याला "एखादी तक्रार आहे, बघतो" असे म्हणता येत नाही.

दुसरे काम कागदांचे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७ नुसार रेशन व्यवस्थेच्या नोंदी जनतेसाठी खुल्या असायला हव्यात, कलम २८ सामाजिक लेखापरीक्षणाचे आहे आणि कलम २९ दक्षता समित्यांचे. आपल्या गावाची दक्षता समिती आहे का, तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे तीन प्रश्न तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारावेत. मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. उत्तर मिळाले नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

तिसरे, बातमीसोबत तक्रारीची वाटही छापावी. १९६७ हा हेल्पलाईन क्रमांक, कलम १५ खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, कलम १६ खालील राज्य अन्न आयोग. देय धान्य मिळाले नाही तर कलम ८ नुसार अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. बातमी वाचून माणसाने पुढे कुठे जायचे हे कळले नाही तर ती हळहळीपुरती उरते.

चौथे, नोंदणी. छापील नियतकालिक काढायचे तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या प्रेस व नियतकालिके नोंदणी अधिनियम २०२३ खाली ऑनलाईन अर्ज करावा लागतो. पैसा कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नये. न्यास किंवा संस्था नोंदवून तिच्या नावाचे खाते उघडावे आणि पहिल्या महिन्यापासून पावतीपुस्तक ठेवावे. चळवळीतली कितीतरी चांगली कामे पैशाच्या अफरातफरीने नव्हे, हिशेब न दिल्याने उठलेल्या संशयाने बुडाली आहेत.

दान कशाचे

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उशिरा, उपाशीपोटी तथागतांसमोर आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट शांत झाल्यावरच धम्म सांगितला. बरोबरचे भिक्खू कुजबुजले, तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही हे त्यांनी समजावले. या कथेत अन्न देण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. हा माणूस उपाशी आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येते. वस्तीतल्या बातमीदाराचे काम तेच आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्माच्या कार्यासाठी देण्याचा विचार मांडला. आपण विहारे बांधली, पुतळे उभारले, भोजनदान करतो. हे सर्व चालू राहावे. पण भोजनदानाच्या रांगेत दरवर्षी तीच माणसे का उभी असतात, हे विचारणाऱ्या माणसाच्या मानधनालाही त्या विसाव्या भागात जागा हवी. येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत, मंडप आणि वाद्यांचा विषय निघण्याआधी, हा ठराव मांडून पाहा. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन तरुण उभे राहिले तरी सुरुवात होते.